मु. पो. नाशिक

पुणे ते इंदूर, सहाशे किलोमीटरच्या वर.
पूर्वी एका दमात जायचो.
पहाटे चारला थर्मास, अंधारातच आळेफाटा,
सेंधव्याच्या घाटात दुपारची झापड
आणि दिवेलागणीला मृदुलाच्या दारात हॉर्न.

यंदा तू वही काढलीस.
विजेच्या बिलांच्या पाठकोऱ्या शिवलेली,
पट्टीने रकाने आखलेली:
गाव, अंतर, पोचायची वेळ, गरम पाणी, भाडं.
धुळ्यापुढे टिंब. शिरपूरपुढे फुली.
चांदवडपुढे प्रश्नचिन्ह,
कारण तिथल्या लॉजवाल्याने फोनवर
"फॅमिली आहे ना?" असं दोनदा विचारलं.

मी म्हटलं, नाशिक.
तू हसलास. दोनशे दहा किलोमीटरवर
कुणी अंथरूण टाकतं का?
नाशिक आपल्याला ठाऊक होतं ते द्वारकेच्या सिग्नलपुरतं.
उजवीकडे वळलं की आडगाव, ओझर,
संपलं नाशिक.
तेहेतीस वर्षं आपण एका शहराचं
फक्त वळण पाहिलं.

मग दोन दिवसांनी तूच नाशिक लिहिलंस.
का, ते सांगितलं नाहीस.
मीही विचारलं नाही.
पोचायच्या वेळेच्या रकान्यात मात्र
प्रत्येक गावापुढे
पाचच्या आतला आकडा होता.

लॉज त्र्यंबक नाक्यामागच्या बोळात.
काउंटरवरचा सोनवणे, विशीतला,
रजिस्टर आपल्याकडे फिरवत म्हणाला,
"दर्शन, की द्राक्षं?"
नुसती झोप, मी म्हटलं.
"चालेल. पण कारण लिहावं लागतं."
तू 'कोठून आलात' भरलंस,
'कोठे जाणार' भरलंस, पिनकोडसकट,
आणि कारणाची जागा सोडून सही केलीस.

संध्याकाळी भांडी बाजारातून खाली.
पितळेची घंगाळं, वजनावर विकायला ठेवलेल्या समया.
घाटाच्या पायऱ्या तू पायाने चाचपत उतरलास,
माझ्या कोपराखाली हात घालून,
जशी काही मीच पडणार होते.
पाण्यावर द्रोण सोडलेले.
"किती दिवे सोडलेत गं लोकांनी!" तू म्हणालास,
लहान मुलासारखा खूश होऊन.
मी मोजले.
पाच होते.

रात्री पंख्याची कुरकुर.
छताकडे बघत तू सांगितलंस:
सिन्नरच्या अलीकडे समोरून एक ट्रक
दोन होऊन आला.
मला वाटलं, मधून निघेल आपली गाडी.
मग बराच वेळ पंखाच बोलत राहिला.
मी म्हटलं, माझं लायसन्स आहे.
चौऱ्याण्णव सालचं, दर वेळी नूतनीकरण केलेलं,
रेशनकार्डाच्या पाकिटात.
गाडी मी सोडली,
कारण तू शेजारी बसून
हँडब्रेकवरचा हात काढायचा नाहीस.
"हो," तू म्हणालास. आणि थोड्या वेळाने,
"काढला असता तर बरं होतं."

दुसऱ्या दिवशी निघालोच नाही.
सोनवणेला एक दिवस वाढवून घेतला,
त्याने विचारलं नाही, तारीख खोडून वर लिहिली.
गंगापूर धरणाच्या रस्त्याला, मळ्यांच्या कडेने,
पहिल्या गिअरवर मी तासभर गाडी रडवली.
द्राक्षांना कागद बांधणाऱ्या बायका
काम थांबवून बघत होत्या.
एकीने ओरडून सांगितलं, "क्लच हळू सोडा, ताई!"
तू मांडीखाली दोन्ही हात दाबून बसला होतास.
अकराव्यांदा गाडी बंद पडली
तेव्हा आपण दोघंही हसलो,
आणि मला थोडं रडूही आलं,
ते तुला दिसलं नसावं. किंवा दोनदा दिसलं असेल.

रात्री वही पुन्हा उघडली.
इंदूर आता चार मुक्कामांवर गेलं.
मृदुला फोनवर म्हणाली, बाबा, वरात आहे का ही?
तू काही न बोलता
धुळं खोडलंस,
चांदवडचं प्रश्नचिन्ह खोडलंस.
पासष्ट किलोमीटर. माझ्या हाताला तेवढं जमेल.

लॉजवाल्याने तिसऱ्यांदा तेच विचारलं.
"आहे ना," तू म्हणालास,
"फॅमिलीच चालवतेय गाडी.
आम्हाला उशीर होईल. गेट उघडं ठेवा."